ते कालच्याच फ्लाइटने गेले

मी भिवंडीत राहतो. हे वाक्य तुम्हाला साधं वाटत असेल, तर तुमच्या नावावर लाइट बिल आहे असं समजा आणि गप घरी बसा. मला हे एक वाक्य सिद्ध करायला नऊ महिने लागले. सिद्ध झालं तेही अशा तऱ्हेने, की मी अजून सासुरवाडीला कळू दिलेलं नाही.

सव्वीस वर्षं मी मस्कतला गाडी चालवली. एकच घर, एकच अरबाब. अरबाब म्हणजे मालक. त्याची मुलं मी शाळेत सोडली, त्याच मुलांच्या लग्नाची वरात मी चालवली. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. दंडाची पावती एकदाच आली आणि तीसुद्धा अरबाब मागून 'जल्दी जल्दी' ओरडत होता म्हणून. त्या पावतीचा विषय माझ्यासमोर कोणी काढलेला मला चालत नाही. माझी बायको माजिदा तो नेमका पाहुण्यांसमोर काढते.

दर शुक्रवारी मी घरी फोन करायचो आणि अब्बा दर शुक्रवारी तेच म्हणायचे, "सगळ्या दुनियेला फिरवतोस. एकदा मला बसव तुझ्या गाडीत. आपण खारबावला राघोकडे जाऊ." राघो म्हणजे अब्बांचा जवानीतला दोस्त. लूमची शिफ्ट संपली की दोघं खाडीवर गळ टाकून बसायचे. मासा फारसा लागायचा नाही, पण त्यांची तक्रार नसायची. मी दर शुक्रवारी म्हणायचो, "बसवतो अब्बा, या सुट्टीत नक्की." सुट्टी तीस दिवसांची. त्यात लग्नं, मयती, दवाखाने, आणि बाराव्या दिवसापासून माजिदाचं रडणं. सव्वीस वर्षांत ते राहिलं ते राहिलंच.

शेवटी अरबाबने माझा हिशेब आटोपला, गळाभेट घेतली आणि मी कायमचा घरी आलो. अब्बा तेव्हा त्र्याऐंशीचे होते. विसरायला लागले होते. जेवण झाल्यावर 'जेवण झालं का' विचारायचे. त्यांना मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून तुम्हाला ओळखतायत. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. काही राहिलं असेल तर आताच उरकून घ्या." माझं एकच राहिलं होतं. तुम्ही म्हणाल, मग रिक्षा करायची. केली होती. दारात आणून उभी केली. अब्बा काठी टेकून बाहेर आले, रिक्षाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरबाला गाडीत आणि बापाला रिक्षात?" आणि आत जाऊन पडले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते बरं त्यांच्या लक्षात राहिलं.

मग मी राहनाळला काळूरामकडे गेलो. काळूराम माझा शाळेतला मित्र. त्याच्या बापाच्या भातशेतीवर आता गोडाऊन उभी आहेत आणि तो खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसतो. त्याने आपली एक जुनी पांढरी गाडी मला देऊ केली. मी खूश. म्हटलं आठवड्यात लायसन काढू, गाडी नावावर करू आणि खारबाव गाठू. मस्कतमध्ये माणूस असाच विचार करायला शिकतो, त्यात माझा दोष नाही.

लायसनच्या खिडकीत एक मॅडम होत्या. मी माझं ओमानचं लायसन पुढे सरकवलं, जरा ऐटीतच. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं आणि परत केलं. "भारतातलं?" भारतातलं होतं, पण ते सतरा वर्षांपूर्वी मेलं होतं. "म्हणजे लर्निंगपासून सुरू करा. पत्त्याचा पुरावा?"

इथून माझ्या इज्जतीचा उतार सुरू झाला. पासपोर्ट मस्कतच्या एम्बसीत नवा केलेला, त्यावर पत्ता मस्कतचा. आधार कार्ड एका सुट्टीत मेहुण्याच्या लग्नाला महाडला गेलो होतो तेव्हा तिथल्या कॅम्पात काढलं, कारण तिथे रांग नव्हती. त्यावर पत्ता सासुरवाडीचा. मतदार यादीतून माझं नाव 'स्थलांतरित' म्हणून गेलेलं. घर अब्बांच्या नावावर, लाइट बिल अब्बांच्या नावावर. राहता राहिलं रेशनकार्ड. ते उघडलं तर माझ्या नावावर लाल रेघ. ही रेघ कुणा दुष्मनाने नव्हती मारली. मी मस्कतला गेलो त्याच महिन्यात अब्बा स्वतः रेशन ऑफिसात उभे राहिले आणि म्हणाले, "जो घरात जेवत नाही त्याचं धान्य आम्हाला नको." सगळ्या मोहल्ल्यात असं करणारा हा एकच माणूस, आणि तो माझ्या नशिबात.

"आणि तुम्ही कायमचे आलात कशावरून?" मॅडमनी विचारलं. "उद्या परत गेलात तर?" मी व्हिसा रद्द झाल्याचा कागद दाखवला. तो अरबीत. "मराठीत करून आणा." आमच्या मोहल्ल्यात अरबी लिहिता-वाचता येणारे एकच, मदरशातले मौलाना. त्यांनी तीन दिवस घेतले आणि सुंदर अक्षरात, हाशिये वगैरे आखून, तो कागद उर्दूत करून दिला. वर चहाही पाजला. एवढ्या प्रेमाने केलेल्या कामाला चूक कशी म्हणणार? मी ते उर्दू काळूरामला नेऊन दाखवलं, कारण मला कोणाला तरी दाखवायचंच होतं.

काळूराम म्हणाला, "अरं रहमान, तू भिवंडीचा हायेस हे मला म्हायती हाय, माझ्या कुत्र्याला म्हायती हाय. सरकारलाच कशी काय म्हायती न्हाय?" मी म्हटलं, "मग तुझ्या कुत्र्याचा दाखला चालेल का विचारतो." तो म्हणाला, "रागवू नको. त्यापेक्षा रयवासी दाखला काढ. अर्ज कर, माणूस घरी येतो, शेजारी इचारतो, लिवतो, संपला इषय." एवढं सोपं काम आपल्याला कसं सुचलं नाही, याची मला लाज वाटली. वास्तविक लाज पुढे वाटायची होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही आमच्या शेजाऱ्यांना उगाच शिव्या द्याल. आमच्या मोहल्ल्यात घराआड एक माणूस आखातात. तो सुट्टीवर आला की पहिला आठवडा मिठाईचा. दुसऱ्या आठवड्यापासून लोक लागतात. कोणाच्या पुतण्याला व्हिसा पाहिजे, कोणाला मुलीच्या लग्नाला मदत, कोणाच्या मुलाला तिकडे पोचवायला सुके बोंबील आणि लोणच्याची बरणी, जी बॅगेत फुटणार हे बरणीलासुद्धा माहीत असतं. नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. म्हणून घरोघरी एकच रीत. दारात कोणी अनोळखी माणूस नाव विचारत आला, की म्हणायचं, "ते कालच्याच फ्लाइटने गेले." आमच्या घरापुरती ही रीत अब्बांनी घालून दिली होती. रेशनवर खोटं न बोलणारा माणूस, पण पोराच्या सुट्टीसाठी बोलायचा. आणि ती अमलात आणायची जबाबदारी समोरच्या अफीफा खालांकडे. खाला, म्हणजे मावशी, दिवसभर ओट्यावर तांदूळ निवडत बसतात आणि गल्लीत शिरणारा माणूस त्यांच्या हातातून सुटत नाही. एकदा मी घरात खाटेखाली आणि खाला बाहेर एका माणसाला माझं विमान मुंबईवरून कसं उडालं ते सांगत होत्या. इतकं बारीक सांगितलं की मला स्वतःला घर सोडल्यासारखं वाटून डोळ्यात पाणी आलं.

तर चौकशीचा माणूस आला. नाव चांगदेव. काखेत फायलींची पिशवी, घामाघूम. मी नेमका राहनाळला गाडीला पाणी मारायला गेलो होतो, माजिदा बाजारात. चांगदेवांनी ओट्यावर विचारलं, "अब्दुर्रहमान इस्माईल इथेच राहतात का?" खालांनी सुपातून मान वर न करता सांगितलं, "हाय अल्लाह, थोडक्यात चुकलात. ते कालच्याच फ्लाइटने गेले." "परत कधी येतील?" "दोन वर्षं तरी नाही." चांगदेवांनी मोहल्ल्यात आणखी तीन ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी एकच उत्तर, एकच फ्लाइट. एवढी एकमताची चौकशी त्यांच्या नोकरीत झाली नसेल. अर्जावर शेरा पडला: 'सदर इसम परदेशी वास्तव्यास आहे.'

मी खालांसमोर जाऊन उभा राहिलो. "खाला, हे काय केलंत?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं बोंबीलवाला आहे." मग त्याच माझ्यावर उखडल्या. "सव्वीस वर्षं तुझ्यासाठी खोटं बोलून माझी आखिरत खराब केली, वर अल्लाहला मी काय तोंड दाखवू, आणि आज मला जाब विचारतोस? कायमचा आलास तर तसं सांगायचं होतं. प्रत्येक सुट्टीला तू कायमचाच आलोय म्हणतोस." आणि ते खरं होतं.

दुसऱ्या अर्जाला दोन महिने गेले. तेवढ्यात अब्बा घसरत चालले. आधी ते मला माझ्या मेलेल्या चुलत्याच्या नावाने हाक मारायचे. मी ओ द्यायचो. मग एक दिवस त्यांची नखं कापत होतो तेव्हा त्यांनी माजिदाला हळूच विचारलं, "हा कोण ग? हात हलका आहे याचा." माजिदा स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी नखं पूर्ण कापली. उरलेल्या चार बोटांची तशीच ठेवणार होतो थोडीच.

त्यानंतर मी सरकारी ऑफिसात आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. काउंटरवर हात आपटून म्हटलं, "साहेब, घाई करा, माझे वडील मला विसरत चाललेत." साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "वैद्यकीय कारण असेल तर तसा अर्ज द्या." विसरण्याचा अर्ज कोणी द्यायचा, विसरणाऱ्याने की विसरलेल्याने, हे त्यालाही माहीत नव्हतं. काळूराम बाहेर गाडीत बसला होता. म्हणाला, "जाऊ दे ना, मीच चालवतो. तू मागं बापाजवळ बस." मी त्याच्यावर ओरडलो. अब्बांना ड्रायव्हर नको होता, त्यांना मी हवा होतो. काळूरामने गाडीतून उतरून मला उसाचा रस पाजला.

दुसऱ्यांदा चांगदेव येणार त्या दिवशी मी सगळा मोहल्ला पढवून ठेवला. खाला ओट्यावर सज्ज. चांगदेव गल्लीत शिरताच त्या ओरडल्या, "आहेत! घरातच आहेत! कुठ्ठं गेलेले नाहीत!" चांगदेव दचकून थांबले. आजूबाजूच्या बायकांनीही 'आहेत, आहेत' सुरू केलं. एखाद्या चोराला लपवल्यावर घर जसं बोलतं तसं ते वाटत होतं. चांगदेवांच्या चेहऱ्यावर संशय उमटला. मी स्वतः पुढे होऊन म्हटलं, "मीच तो." ते म्हणाले, "तसं सगळेच म्हणतात. घर कोणाच्या नावावर आहे? त्यांचा जबाब घेतो."

सगळ्यांना पढवलं आणि अब्बा राहिले. अब्बांना पढवावं लागेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

अब्बा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. माजिदाने त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता. चांगदेव वाकून म्हणाले, "आजोबा, तुमचा मुलगा कुठे असतो?"

अब्बा सावरून बसले. दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गेला. कालच्याच फ्लाइटने."

"अब्बा!" माजिदा किंचाळली. "हे काय, समोर उभे आहेत!"

अब्बांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. हसले. इतकं गोड हसले की मला वाटलं, आता नाव घेतात. "हा? हा आमचा ड्रायव्हर."

बाहेर खालांचं सूप थांबलं. चांगदेवांनी पेन उघडलं होतं ते तसंच धरून विचारलं, "कधीपासून आहे?"

"झाले आठ-नऊ महिने. इथेच असतो. इथेच जेवतो, त्या खोलीत झोपतो. मला आंघोळ घालतो, औषध देतो. गाडी अजून आली नाही, तरी बसून पगार खात नाही हो." मग चांगदेवांना जवळ बोलावून त्यांनी सांगितलं, "माझ्या मुलाने पाठवलाय त्याला माझ्यासाठी. मुलगा फार चांगला आहे माझा. फक्त सवड नाही त्याला."

मी भिंतीला टेकलो. मस्कतला असताना असं काही ऐकायला मिळालं असतं तर मी पहिल्या विमानाने आलो असतो. आता यायलाही जागा नव्हती, मी आलेलोच होतो.

चांगदेव कागदावर वाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बघा, मला फक्त राहतो की नाही एवढंच लिहायचंय. घरमालक म्हणतोय राहतो. नातं कोणतं, ते त्यांनी सांगितलं तसं घालतो." आणि त्यांनी लिहिलं: 'सदर इसम घरमालकाकडे चालक म्हणून नोकरीस असून गेल्या नऊ महिन्यांपासून सदर पत्त्यावर कायम राहत असल्याचे दिसून आले.' खाली पंच म्हणून अफीफा खालांची सही. खाला सही करताना रडत होत्या आणि सही बिघडली म्हणून चिडत होत्या.

असा मी भिवंडीचा रहिवासी झालो. दाखला बघून लायसनच्या खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "चालक? लायसन नसताना नोकरी कशी काय करता?" मी म्हटलं, "मॅडम, अजून पगारच घेतलेला नाही." त्यांनी शिक्का मारला. त्याच दाखल्यावर काळूरामची गाडीही माझ्या नावावर झाली. पुढची परीक्षा सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. मैदानात मी गाडीत बसलो, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि हात पुढे केला तर स्टिअरिंगच नाही. मस्कतला स्टिअरिंग डावीकडे असतं, सव्वीस वर्षांच्या सवयीने मी डाव्या बाजूला बसलो होतो. बाहेर उभे इन्स्पेक्टर म्हणाले, "ड्रायव्हर कुठाय?" मी त्या पोरांच्या रांगेसमोर उतरून, गाडीला वळसा घालून उजवीकडे गेलो. एवढं लांब अंतर मी मस्कत सोडतानाही चाललो नव्हतो.

पास झालो. लायसन पोस्टाने येणार होतं. पोस्टमन नवा होता. मी अब्बांना घेऊन दवाखान्यात होतो. खालांनी चांगदेव पाहिला होता, पोस्टमन पाहिला नव्हता. लायसन परत गेलं, पाकिटावर शेरा: 'मालक परदेशी.' ते सोडवून आणायला आणखी अठरा दिवस. या वेळी मी खालांना काही बोललो नाही. त्यांनीच दोन दिवस ओट्यावर बसणं बंद केलं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी पांढरी गाडी दारात उभी केली. अब्बा टोपी घालून बाहेर आले. मागचं दार उघडून धरलं तर बसेनात. हात पुढे करून म्हणाले, "लायसन बघू आधी." बरोबरच होतं. अरबाबनेही पहिल्या दिवशी बघितलं होतं. मी दिलं. अब्बांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "अब्दुर्रहमान. अरे वा. माझ्या मुलाचं नाव पण अब्दुर्रहमान." बोट खाली सरकलं. "तुझ्या बापाचं नाव पण इस्माईल?"

"हो."

"जगात काय काय असतं," असं म्हणून त्यांनी लायसन माझ्या खिशात घातलं, वरून थोपटलं आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला, मालकासारखे जाऊन बसले. माजिदा दारात तोंडाला ओढणी लावून उभी होती. खाला ओट्यावरून ओरडल्या, "सावकाश ने!" मला गाडी चालवायला कोणी शिकवलेलं एरवी खपत नाही. त्या दिवशी मी मान हलवली.

खारबावला राघोकाका अंगणात खाटेवर होते. गुडघे गेलेले, पण डोकं साफ. मला बघताच म्हणाले, "आला का रं रहमान? बापाला आणलास!" अब्बांनी त्यांना घाईघाईने गप्प केलं. "हळू बोल राघो. हा रहमान न्हाय, हा ड्रायव्हर हाय. रहमान कालच गेला. तू कोणाला सांगू नको, लोक मागं लागतात त्याच्या." राघोकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "बरं बरं. न्हाय सांगत." दोघं दुपारपर्यंत बोलत बसले, खाडी, मासे, कोण मेलं. राघोला ते विसरले नव्हते. मी गाडीला टेकून उभा होतो. राघोकाकांच्या सुनेने मला चहा बाहेरच आणून दिला, ड्रायव्हरला देतात तसा, आणि मीही तो तिथेच उभ्याने प्यायलो.

परत येताना अब्बा खिडकीतून बघत होते. रस्ता खराब, मी खड्डा न् खड्डा चुकवत होतो. मागून आवाज आला, "ड्रायव्हर, हात चांगला आहे तुझा."

"मेहेरबानी."

"तुझ्या बापाला बसवलंस का रे कधी गाडीत?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. सव्वीस वर्षांत मी डोळ्यात पाणी असताना गाडी चालवलेली नाही, नियम आहे माझा. इंडिकेटर लावला, थांबलो. म्हटलं, "आज बसवलं, साहेब."

"मग? काय म्हणाला?"

"अजून काही म्हणाले नाहीत."

अब्बांनी थोडा विचार केला. मग पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणेल. माझा मुलगा आला ना, की मी पण लगेच काही म्हणत नाही. तो गेल्यावर म्हणतो." हात काढून ते मागे टेकले. "चल आता. घरी कोणी विचारलं, तर मी नाही म्हणून सांग."

मी गाडी सुरू केली आणि त्यांना घरी नेलं.